नाव नसलेली हत्यारे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात जो गेला आहे, त्याला झेंडूचा वास निराळा सांगावा लागत नाही. गुलटेकडीच्या त्या आवारात दोन दिवस आधीपासून ट्रक-टेंपोंच्या रांगा लागतात. पोती सुटतात, ढीग वाढतात, सकाळचा भाव दुपारी राहत नाही, आणि हमालांच्या पाठीवरून पिवळ्या-केशरी पाकळ्यांचा सडा रस्ताभर पडतो. शाळेतल्या सरस्वतीपूजनासाठी फुले आणण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. मास्तर मनुष्य घासाघीस बरी करतो अशी मुख्याध्यापकांची समजूत आहे. ती चुकीची आहे; पण ते असो.

फुलांची पिशवी घेऊन मी दर वर्षी यार्डाच्या मागल्या अंगाला एका मेस्त्रींच्या गॅरेजात जातो. गॅरेज म्हणजे दहा फूट रुंदीचा पत्र्याचा गाळा. खंडेनवमीला तिथे काम बंद. जमिनीवर पाट मांडलेला असतो, पाटावर लाल फडके आणि फडक्यावर हत्यारे. पाने, पकडी, हातोड्या, कानशी ही झाली नावाची मंडळी. त्यांच्या पलीकडे मात्र एक निराळीच रांग असते. एका जाड नळीच्या तोंडाला कोरलेले चार दात; जळक्या क्लचप्लेटीला वेल्डिंगने जोडलेली हातभर सळई; तीन बोल्ट आरपार घातलेली लोखंडी चकती; वाकवून आकडा केलेला सायकलचा स्पोक; आणि सर्वांत शेवटी एक तांब्याचा ढब्बू पैसा, ज्याच्या कडेला कोणी चावा घेतल्यासारख्या खुणा आहेत. हळदकुंकू मात्र सर्वांना सारखेच लागते.

"ही दुसऱ्या रांगेतली कुठल्या दुकानात मिळतात हो?" असे मी पहिल्या वर्षी विचारले, तेव्हा मेस्त्री हसले होते.

"मास्तर, ही मिळत नाहीत. ही करावी लागतात."

हत्यारांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि पट्टे उभे राहतात. घरगुती वस्तूंची तशी आबाळच झाली असती. परंतु दिनकर केळकरांनी आयुष्यभर आडकित्ते, दिवे आणि कुलपे गोळा केली म्हणून ती बाजीराव रस्त्यावरच्या संग्रहालयात आज पाहायला तरी मिळतात. गॅरेजातल्या हत्यारांना असा केळकर भेटलेला नाही. ज्या शहराने दुचाकीवर संसार केला, त्या शहरात दुचाकीचे पोट उघडण्याची साधने कोणी, कशी आणि कशातून केली, याची नोंद कुठे सापडत नाही. ती त्या पाटावर असते, वर्षातून एक दिवस.

आता पोट म्हणजे गिअरबॉक्स. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडावा. इंजिन फार भरभर फिरते. चाकाला तितकी घाई नसते, पण चढावर त्याला जोर हवा असतो. लहान दातेरी चाकाने मोठे चाक फिरवले की वेग घटतो आणि जोर वाढतो. अशा तीन-चार जोड्या एका ॲल्युमिनियमच्या बंद पेटीत तेलात बुडवून ठेवलेल्या असतात, आणि आपण गिअर टाकतो म्हणजे त्यांतली एक जोडी कामाला लावतो. पंक्चर रस्त्याच्या कडेला निघते, घरची मंडळी झाडाखाली उभी करून प्लग बदलता येतो. परंतु गिअरबॉक्सचे तसे नाही. तिथे बेअरिंगे घट्ट ठोकून बसवलेली असतात, दांडे एकमेकांत अडकलेले असतात, आणि काही नट असे असतात की त्यांना षट्कोनी डोके नसतेच. गोल नटाला नुसत्या खाचा असतात, तोही खोल खड्ड्यात बसलेला. कारखान्यात ही जुळणी खास हत्यारांनी होते. म्हणून उघडतानाही तीच हवीत. कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक पाहावे तर प्रत्येक अवघड जागी एकच सूचना भेटते : येथे अमुक क्रमांकाचे खास हत्यार वापरावे. ते हत्यार कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे जाते. पत्र्याखालच्या माणसाकडे उरते छिन्नी आणि हातोडी.

छिन्नी-हातोडीने काय होते, याचा अनुभव माझ्या घरात आहे. माझे वडील यार्डातल्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांनी १९७७ साली चेतक स्कूटर नोंदवली आणि ती त्यांच्या दारात १९८४ साली आली. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती माझ्याकडे संशयाने पाहतात. परंतु त्या काळी कारखान्याने गाड्या किती काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे, आणि चेतकसाठी दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे घरोघर होती. पत्रिकेतल्या शनीची साडेसाती संपते, स्कूटरची संपत नाही, असे वडील म्हणत. इतक्या वाटेने आलेली गाडी कोणी मोडीत काढत नाही. पुढे कधीतरी तिचा दुसरा गिअर सुटू लागला, आणि जवळच्या एका गॅरेजवाल्याने क्लचचा खाचांचा नट छिन्नी लावून ठोकून काढला. नट निघाला. पण त्याच्या खाचेची एक कपची उडाली आणि ती आत दात्यांत गेली. महिन्याभराने सिंहगडाच्या रस्त्यावर गाडी जी अडकली ती हातगाडीवरूनच घरी आली. त्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे दुसरे काही नव्हते.

दुसरे काही कधीपासून नव्हते, हे शोधू लागलो तर मागे दुसऱ्या महायुद्धापर्यंत जावे लागते. पुणे हे दक्षिण कमांडचे मुख्य ठाणे, शेजारी खडकी आणि तिथली लष्करी कोठारे. ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात ज्या मोटारसायकली वापरल्या त्यांत बीएसए कंपनीची एम-२० ही संख्येने सर्वांत मोठी. सव्वा लाखाच्या घरात त्या बनल्या. युद्ध संपले आणि लष्कराचा जादा माल विक्रीला निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असे तो तिथून. गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर पानेही आले. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नदीकडेच्या पदपथावर गंजक्या लोखंडाचे जे ढीग लागतात, त्यांत एखाद्या पान्यावर अजून बाणाच्या फाळासारखी एक खूण सापडते. ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा तो शिक्का. असा एक पाना मी वीस रुपयांना घेतला, आणि तो वापरायला गेलो तेव्हा इतिहासाने मला पहिला धपाटा दिला.

पान्यावर कोरले होते 'पाव इंच'. तोंड मोजले तर अर्ध्या इंचाहून मोठे! मला वाटले, खोटा माल. मेस्त्रींनी समजावले ते असे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले, त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. व्हिटवर्थच्या पद्धतीत पान्यावरचा आकडा हा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची बोल्टच्या नटाला जो बसतो तो पाव इंची पाना. त्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. त्यात भर अशी की १९४० साली, युद्धात पोलाद वाचवण्यासाठी, या नटांची डोकी एकेक आकाराने लहान करण्यात आली. म्हणून पुढच्या पान्यांवर दोन-दोन आकडे दिसतात. मेस्त्रींचे मत असे की हा घोळ इंग्रजांनी जाता जाता मुद्दाम घालून ठेवला. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

या घोळाला पुण्यात दीर्घायुष्य मिळाले ते बुलेटमुळे. रॉयल एनफिल्डची ही इंग्लंडातली गाडी पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराने पसंत केली, १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाडी हळूहळू पूर्णपणे इथेच बनू लागली. इंग्लंडातली मूळ कंपनी १९७० साली संपली. इथे मात्र तीच गाडी, त्याच इंची आट्यांसह, पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. तिचा चार गिअरांचा बॉक्स बर्मिंगहॅमच्या आल्बियन कंपनीच्या घाटणीचा. मेस्त्री लोक त्याला देवमाणूस म्हणतात. तो इंजिनच्या मागे स्वतंत्र बसवलेला असतो. इंजिन न फोडता त्याची कूस उघडते आणि आतले सामान बाहेर येते. त्यात पातळ तेलाऐवजी ग्रीसही चाले. शिवाय टाचेने दाबायची एक छोटी दांडी असे, ती दाबली की पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलला येई. दूधवाल्यांचे तर ते फार लाडके होते, कारण दर दहा घरांवर थांबायचे असे.

इतके सगळे खरे. पण देशाने मात्र याच सुमारास माप बदलले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मण-शेर जाऊन किलो आले. पुण्याची बाजार समिती १९५७ सालचीच. पुढे नाना पेठ-भवानी पेठेतला भुसार बाजार आणि मंडईतला घाऊक व्यापार ज्या गुलटेकडीला आला, तिथल्या काट्यांवर शेराचे वजन कधी चढलेच नाही. वडिलांच्या पिढीतल्या दिवाणज्यांनी मणाचे क्विंटल करताना जी डोकी शिणवली, तीच कसरत पत्र्याखालचे मेस्त्री पान्यांवर करत होते. तेरा मिलिमीटरचा पाना त्या पाव इंची नटावर चढत नाही आणि चौदाचा ढिला होतो. ढिला पाना जोराने फिरवला की नटाचे कोपरे जातात, मग नट गोटीसारखा गोल होतो, मग छिन्नी येते. या अडचणीवर तोडगा म्हणजे तेराच्या पान्याचे तोंड कानशीने तिळातिळाने घासणे. असे घासलेले पाने मेस्त्रींकडे आजही आहेत. त्यांच्या मुठीवर लाल रंगाचा पट्टा आहे. इंच म्हणजे लाल, एवढीच त्यांची भाषा. बाकी लांबी ते अजून सुतांतच बोलतात, एका इंचाचे आठ सूत.

जावाची कथा निराळी. झेकोस्लोव्हाकियातली ही गाडी १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली, १९७३ साली तिने येझदी हे नाव घेतले, १९९६ साली तो कारखाना बंद झाला. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत. गिअरची दांडी दाबून वर फिरवली की तीच किकची दांडी होते. ही युक्ती पाहून लहानपणी मी थक्क झालो होतो. परंतु आतला गिअर बदलायचा तर सगळी पेटी दुभंगावी लागते, आणि त्याआधी इंजिनचे दातेरी चाक व क्लच हे दोन्ही एकाच वेळी उतरवावे लागतात, कारण त्यांच्यावरची साखळी बिनजोडाची. म्हणजे एका हाताने क्लचच्या स्प्रिंगा दाबून धरायच्या आणि दुसऱ्याने पुलर चालवायचा. तीन बोल्टांची ती लोखंडी चकती या कामासाठी. ती ट्रकच्या कमानीच्या पाट्याच्या तुकड्यातून केलेली आहे. यार्डात मोडक्या पाट्यांना तोटा नाही.

आणि आता स्कूटर. १९४६ च्या एप्रिलात इटलीतल्या पियाज्जो कंपनीने व्हेस्पाचा हक्क नोंदवला. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येतला, हेलिकॉप्टरच्या ध्यासाने झपाटलेला. मोटारसायकल त्याला मनापासून नावडती. कपड्यांना तेल लागते, साखळी निघते, चाक काढता येत नाही. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली. मागचे चाक थेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवले आणि गिअर डाव्या मुठीत आणला. बजाजने पियाज्जोशी करार करून १९६० पासून हीच गाडी आपल्याकडे बनवली. करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, पोट इटलीचे, माहेर आकुर्डीचे.

त्या पोटातली हुशारी पाहण्यासारखी आहे. चाकाचा दांडा पोकळ, त्यावर चार दातेरी चाके मोकळी फिरत असतात. दांड्याला उभ्या चिरा, आणि आत चार हातांचा एक लहानसा क्रूस मागेपुढे सरकतो. तो ज्या चाकाच्या आतल्या खाचांत शिरेल ते चाक दांड्याला जखडले जाते. तोच तुमचा गिअर. वर्षानुवर्षे गिअर टाकून त्या क्रूसाचे कोपरे झिजतात, मग जोर पडला की तो खाचेतून निसटतो. गिअर सुटणे म्हणतात ते हे. बदलायचा तुकडा मुठीत मावेल एवढा, नाना पेठेत सहज मिळणारा. पण त्याच्यापर्यंत जायला पेटी फोडावी लागते, पेटी फोडण्याआधी क्लच काढावा लागतो, आणि क्लच एकाच खाचांच्या नटाने धरलेला असतो. एका नटापायी लाखो स्कूटरी. पाटावरची ती चार दातांची नळी या नटासाठी.

यंदा आषाढात आमच्या चेतकचा दुसरा गिअर पुन्हा सुटू लागला. मेस्त्रींकडे नेली तर ते गप्प झाले. त्यांची चाळीस वर्षांची नळी कोणी मागून नेली होती आणि परत आलीच नव्हती. "बायको एक वेळ माहेरी पाठवावी, हत्यार देऊ नये," असे ते म्हणाले; आतून चहा घेऊन येणाऱ्या काकूंनी ते ऐकले, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा निघाला.

मग मी हत्यार शोधायला बाहेर पडलो. शनिवारी अर्धी शाळा सुटली की नाना पेठ. तिथे एका दुकानात तयार नळी मिळाली, दिसायला झकास, निकेलने चमकणारी. पहिल्याच जोरात तिचे दोन दात मेणासारखे वाकले. मऊ लोखंड! मग रविवारचा जुना बाजार, लागोपाठ तीन. रेडिओचे सांगाडे, पितळी घंगाळे, घड्याळांचे काटे, एक आख्खा सनई-चौघडा, सगळे होते. एक विक्रेता म्हणाला, "त्या नटाची नळी? ती कोण विकतं? ती माणसाबरोबर जाते." शेवटी मेस्त्रीच कंटाळून म्हणाले, "मास्तर, पाय मोडू नका. करून टाकू."

त्यांनी गाळ्याच्या कोपऱ्यातून ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा वीतभर तुकडा काढला. ॲक्सलचे पोलाद कसाचे असते, त्याला पाणी चढते. तो घेऊन आम्ही बिबवेवाडीच्या बाजूला एका टर्नरकडे गेलो. त्याच्या जुन्या लेथच्या अंगावर ओतीव अक्षरांत म्हैसूर किर्लोस्करचे नाव होते. मला तिथे उगाच घरच्यासारखे वाटले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले, पुढे १९०३ साली लोखंडी नांगर केला, १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, हे आपण शाळेत शिकवतो. पण १९४१ साली त्याच घराण्याने हरिहरला लेथ बनवणारा कारखाना उभा केला, हे फारसे कोणी सांगत नाही. नांगराने शेत नांगरले. लेथने मात्र दुसरी हत्यारे केली. बाहेरून आणलेले यंत्र आणि ते उघडणारे इथले हत्यार यांच्यामध्ये, गल्लीबोळांतून, असे किती लेथ फिरले असतील!

टर्नरने तुकडा पोकळ करून दिला. दात मात्र मेस्त्रींनी हाताने काढले. शेगड्यात नळी धरून, नटाचा ठसा कागदावर घेऊन, तो कागद नळीच्या तोंडाला चिकटवून आधी करवत आणि मग कानस. दोन संध्याकाळी गेल्या. दात जरा सैल राहिला तर नटाच्या खाचा खातो आणि घट्ट झाला तर बसत नाही. म्हणून दर दहा हातांनी नट लावून पाहायचा. त्यांचा उजवा हात आता कापतो. कानस लावली की तो थांबे. मी ते दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा पाहायचे टाळले.

मग पाणी देणे. नळीचे तोंड भट्टीत चेरीसारखे लाल करून एकदम तेलात बुडवले. आता ते काचेसारखे कडक झाले, म्हणजे ठोकले तर तडकणार. म्हणून ते घासून चकचकीत करायचे आणि पुन्हा मंद आचेवर धरायचे. पोलादावर रंग चढू लागतो. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलात तर धार टिकते, निळ्यापर्यंत गेलात तर चिवटपणा येतो. मेस्त्री जांभळ्याच्या शेवटाला थांबले. घड्याळ नाही, मापक नाही. "संध्याकाळचं आभाळ बघत असतो तसं बघायचं," ते म्हणाले. आणि मला, इतकी वर्षे कादंबऱ्या लिहीत असून, याहून नेमके काही सुचले नसते.

नट सुटण्याच्या वेळी ढब्बू पैसा कामाला आला. नट फिरवला की सगळे इंजिन फिरते. ते अडवायला कंपनीचे वेगळे हत्यार असते. इथे क्लचचे दाते आणि मोठ्या चाकाचे दाते यांच्या बेचक्यात ढब्बू ठेवायचा. तांबे मऊ, ते स्वतः चेपते पण पोलादी दात मोडत नाही. लोखंडी खिळा ठेवला असता तर दात गेला असता. १९५७ साली बाजारातून उठू लागलेले नाणे असे गिअरबॉक्समध्ये चलनात राहिले. नळी बसवली, मेस्त्रींनी तिच्यात सळई घातली, मला धरायला सांगितले, आणि एक 'कट्' असा आवाज झाला. तो नट, वडिलांच्या वेळची जखम झाकायला बसवलेला, बिनतक्रार वर आला. ढब्बूवर आणखी दोन दात उमटले.

बेअरिंग काढण्याचा प्रसंग आमच्या घरी घडला, तो थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियम तापले की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. म्हणून पेटीचा अर्धा भाग तापवला की बेअरिंगाची पकड सुटते. ठोकण्याची गरज नाही. मेस्त्रींची भट्टी विझलेली होती, म्हणून मी तो भाग धुऊन-पुसून घरी आणला आणि चुलीवरच्या तव्यावर ठेवला. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला पाहिजे, ही खूण. पलीकडच्या शेगडीवर नागपंचमीचे पुरण शिजत होते. बेअरिंग आपसूक खाली पडले, टण्णकन. घरात त्यावर जे बोलणे झाले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

गाडी चालू झाली. दुसरा गिअर सुटत नाही. पण मेस्त्रींचे दिवस पालटले आहेत, ते काही त्याने फिरणार नाहीत. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तिला गिअर टाकावाच लागत नव्हता. २००१ च्या सुमारास ॲक्टिव्हा आली आणि पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांनी घरे भरली. बजाजने २००९ साली स्कूटर सोडली, आणि २०२० साली चेतक हेच नाव घेऊन विजेची गाडी आणली. तिला क्लचही नाही आणि तो नटही नाही. मोटारसायकलींना गिअर आहेत, पण १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या प्रदूषण-नियमांनंतर त्यांच्या इंजिनाला संगणक जोडलेला असतो, आणि बिघाड ओळखायला कंपनीचा स्कॅनर लागतो. तोही पानाच म्हणायचा, फक्त कानशीने घासून होत नाही. केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे आणि वाहने त्यात धरली आहेत. मी हे मेस्त्रींना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं करत होतो ते आता कायद्यात आलं."

दिवाळीनंतर गाळा सोडायचा त्यांनी ठरवले आहे. भंगारवाला येऊन पेटी उचलून पाहून गेला. किलोवर भाव सांगितला. पाने पाण्यांत, नळ्या नळ्यांत असे काही नाही. सगळे एकाच काट्यावर. ते मला यंदाच्या खंडेनवमीला पाटासमोर बसल्या बसल्या कळले. नवी चार दातांची नळी फडक्यावर पहिल्यांदाच बसली होती, तिच्या तोंडावरचा जांभळा रंग अजून होता.

मी भंगारवाल्याचाच भाव देतो म्हटले. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. एक अट मात्र घातली. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. प्रत्येकावर लिहा, कशाचं काय."

शाळेतून आणलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करून, सुतळीने बांधून, आम्ही दुपारभर लिहीत बसलो. ते सांगत होते, मी लिहीत होतो. चेतक, क्लचचा नट. जावा, क्लच आणि साखळीचे चाक. यामाहा आरएक्स शंभर, क्लच धरण्यासाठी, जळक्या प्लेटीतून. बुलेट, पाव इंच, तेराचा घासून. ढब्बू, दाते अडवण्यासाठी, लोखंड वापरू नये. स्पोकचा आकडा, स्प्रिंग ओढण्यासाठी, कुठलीही गाडी. एकूण एकेचाळीस झाल्या.

बेचाळिसावे हत्यार पेटीच्या तळाशी होते. वीतभर लांब, एका टोकाला अर्धगोल खोबण, दुसऱ्या टोकाला डाव्या आट्यांचे तीन फेर, आणि कानशीने इतके गुळगुळीत केलेले की करणाऱ्याने त्यावर आठवडा घातला असावा. मेस्त्रींनी ते उलटसुलट पाहिले. ते त्यांच्या उस्तादांचे. कशाचे, हे त्यांनी कधी विचारले नव्हते आणि उस्तादांनी सांगितले नव्हते. आम्ही ते बुलेटला लावून पाहिले, येझदीच्या जुन्या पेटीला लावून पाहिले, शेजारच्या गाळ्यातल्या राजदूतच्या सांगाड्यालाही लावले. कुठेच बसेना.

चिठ्ठी कोरी ठेवणे मला बरे वाटेना. मी तिच्यावर लिहिले : गाडी माहीत नाही, विचारणे. मेस्त्रींनी ती वाचली, सुतळीची गाठ जरा घट्ट केली आणि हत्यार पुन्हा पाटावर ठेवून त्याच्यावर एक झेंडूचे फूल ठेवले.